परमिट रूमच्या काउंटरसाठी पीओएस स्क्रीन: पेग, क्वार्टर आणि ‘रिपीट’ कसं बसवावं?

आडवी_ओळ

मंडळी, परमिट रूमसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर, म्हणजे पीओएस, करतोय. बिल, टॅक्स, रिपोर्ट मार्गी लागलेत. घोडं अडलंय ते बार काउंटरच्या स्क्रीनपाशी.

जागा पुण्यातली, एफएल-३ (परमिट रूमचं) लायसन्स. एसी हॉल आणि गार्डन मिळून २२ टेबलं, बारमन दोन, कॅप्टन (टेबलाची ऑर्डर घेणारे) तीन. केओटी (जेवणाच्या ऑर्डरची चिठ्ठी) किचनला जाते, बीओटी (दारूच्या ऑर्डरची) बारवर. काउंटरवर १५.६ इंची टच (१३६६ × ७६८), कॅप्टनकडे १०.१ इंची टॅबलेट. प्रिंटर ८० मिमी थर्मल, लॅनवर. दोन-चार गिऱ्हाइकं काउंटरलाच उभी असतात, त्यांची ऑर्डर बारमन घेतो. कॅप्टन घाईत असला की टेबलाची ऑर्डरही तो ओरडून सांगतो आणि बारमनच ती टाकतो.

स्क्रीनचा सांगाडा नेहमीच्या रेस्टॉरंट पीओएसचाच: डावीकडे कॅटेगरी, मध्ये आयटम, उजवीकडे ऑर्डर. अडचणी अशा:

१. प्रत्येक ब्रँडचे ३०, ६०, ९०, १८०, ३७५ आणि ७५० मिली असे सहा आयटम आहेत. नुसत्या व्हिस्कीचे १८ ब्रँड, म्हणजे १०८ टाइल. स्क्रोल करत बसावं लागतं.
२. हात ओले असतात. एक दाबलं की शेजारचंच लागतं, कधी दोनदा लागतं.
३. गर्दीत आधी ओततात, एंट्री मागाहून करतात. रात्री स्टॉक जुळत नाही.
४. ‘रिपीट’ म्हटलं की पूर्ण ऑर्डर पुन्हा हाताने टाकावी लागते.

ज्यांनी असलं काम केलंय किंवा काउंटर सांभाळलाय, त्यांनी सांगा.

काउंटरची_बाजू

तिसऱ्या मुद्द्यापासून धरू, कारण बाकीचे तिन्ही त्याच्याच पोटात आहेत. मेजरमधून (मापाच्या पेल्यातून) ६० ओतायला फार तर चार-पाच सेकंद लागतात. एंट्रीला त्याहून जास्त वेळ गेला, तर माणूस आधी ओतणारच. नोटीस चिकटवून तो थांबत नाही. त्यामुळे डिझाइनची परीक्षा एकच ठेवा. घड्याळ लावून बघा: दोन लार्ज (लार्ज म्हणजे ६० मिली, स्मॉल ३०), दोन सोडे आणि एक बिअर टेबल ७ वर टाकून बीओटी निघेपर्यंत किती सेकंद आणि किती टॅप लागतात? माझ्या मते ८ टॅपच्या आत बसलं पाहिजे.

दुसरं म्हणजे, तुम्ही बारमनला ऑर्डर *घ्यायचा* स्क्रीन दिलाय. २२ टेबलांच्या ठिकाणी त्याला ऑर्डर *बघायचा* स्क्रीन जास्त लागतो. टेबलाची ऑर्डर कॅप्टनने टेबलापाशीच टॅबलेटवर टाकायची. ओरडून सांगायची पद्धत बंद झाली की निम्मा घोळ तिथेच संपतो. ती बंद होण्यासाठी कॅप्टनचा टॅबलेट एका हाताने, उभ्याने वापरता आला पाहिजे: उभा धरायचा, चार कॉलम, महत्त्वाची बटणं खालच्या अर्ध्या भागात, जिथे अंगठा पोहोचतो. काउंटरच्या स्क्रीनवर मग दोन भाग राहतात, येणाऱ्या बीओटींची रांग आणि काउंटरच्या गिऱ्हाइकांची एंट्री.

आता मापं. १५.६ इंची स्क्रीन अंदाजे ३४५ × १९४ मिमी भरतो, म्हणजे १३६६ रुंदीला मिलिमीटरमागे जवळपास ४ पिक्सेल. डिझाइन पिक्सेलमध्ये करू नका, मिमीमध्ये करा. मोबाइलसाठीचा ४८ डीपीचा (डीपी म्हणजे स्क्रीनच्या घनतेशी जुळवलेलं पिक्सेलचं एकक) नियम म्हणजे साधारण ९ मिमी, तोही कोरडं बोट आणि हातात धरलेला फोन गृहीत धरून. काउंटरवर माणूस हातभर लांबून, मान वळवून, एका हातात बाटली धरून दाबतो. तिथे २० मिमीच्या खाली जाऊ नका. उजवीकडे ऑर्डरला ११० मिमी ठेवा, उरतात २३५, सहा कॉलम केले की प्रत्येकी ३९ मिमी. वरची पट्टी १६ आणि खालची २८ वजा केली की १५० मिमी उंची उरते, सहा ओळी केल्या की प्रत्येकी २५. टाइलमध्ये ३ मिमी मोकळी जागा सोडा आणि ती जागा खरंच निर्जीव ठेवा, तिथला टच कुठल्याच टाइलला जाऊ नये. एका पानावर ३६ टाइल बसतात. व्हिस्कीचे १८ ब्रँड अर्ध्या पानात मावतात, स्क्रोलचा प्रश्नच नाही.

अर्थात ब्रँडची टाइल एकच असेल तर. माप ब्रँडमधून काढून खालच्या २८ मिमीच्या पट्टीत न्या: ३०, ६०, ९०, क्वार्टर (१८०), हाफ (३७५), खंबा (७५०). पट्टी कायम तिथेच, क्रमही कायम तोच. काही जण ब्रँड दाबला की बोटाभोवती मापांचं गोल उघडतात. दिसायला छान, पण दर वेळी वेगळ्या जागी उघडतं, त्यामुळे हाताला सवय लागत नाही आणि कडेच्या टाइलला ते अर्धं कापलं जातं.

टाइलवर मोठ्या अक्षरात काउंटरवर बोलतात तेच लिहा: आरएस (रॉयल स्टॅग), आयबी (इम्पीरियल ब्लू), बीपी (ब्लेंडर्स प्राइड), ओल्ड मंक. खाली बारीक अक्षरात पूर्ण नाव. क्रम अकारविल्हे नको, मागच्या रॅकवर बाटल्या ज्या क्रमाने आहेत तसा लावा. आणि ‘जास्त खपणारं आपोआप वर’ हा शहाणपणा करू नका. टाइल एकदा हलली की सवयीने गेलेला हात चुकीची दारू टाकतो. संपलेला ब्रँडही गायब करायचा नाही, जागेवरच करडा करायचा.

मोरपंखी_कोड

वरच्या प्रतिसादाशी बराचसा सहमत, पण मापाच्या क्रमावर एक हरकत. गिऱ्हाईक ‘दोन लार्ज आरएस’ म्हणतं. संख्या, माप, ब्रँड या क्रमाने कानावर पडतं आणि हातही त्याच क्रमाने जातो. ब्रँड आधी दाबायची सक्ती केली तर ऐकलेलं डोक्यात उलटं करावं लागतं.

यावर उपाय म्हणजे क्रमाची सक्तीच काढा. माप आधी दाबलं तर ते ‘लावून’ ठेवलं जातं आणि पुढच्या ब्रँडला लागतं. ब्रँड आधी दाबला तर तो उघडा राहतो आणि माप दाबलं की बंद होतो. दोन नियम मात्र पाळा:

लावलेलं माप एकाच आयटमपुरतं टिकतं, मग सुटतं. चिकटून राहिलं तर ‘एक लार्ज आरएस, एक स्मॉल बीपी’मध्ये दुसराही ६० जातो आणि ते थेट बिलावर भांडण झाल्यावर कळतं. आणि लावलेलं माप ठळक दिसलं पाहिजे, नुसता रंग बदलून भागणार नाही. बारमधल्या लाल-निळ्या दिव्यांखाली रंगाचा अंदाज चुकतो. जाड चौकट आणि ऑर्डरच्या रकान्यात वर मोठ्या आकड्यात ‘६० →’.

दारूला डिफॉल्ट माप देऊ नका. ‘काही दाबलं नाही तर ३०’ ठेवलं की घाईत सगळं ३० जातं आणि मेजरमध्ये ६० पडतं. स्टॉकमधली तूट बरेचदा चोरी नसते, असलं डिफॉल्ट असतं. बिअरला मात्र द्या: बाटली दाबली की ६५० मिली, पाइंट आणि कॅनला वेगळी टाइल. तिथे लोक माप बोलतच नाहीत.

आता दुहेरी टच. सरसकट डिबाउन्स (लागोपाठचा दुसरा टॅप न मोजणं) लावू नका. बिअरच्या टाइलवर पटापट तीन वेळा टॅप म्हणजे तीन बिअर, हे बारमनला हवंच असतं. अडवायचंय ते ‘बीओटी पाठवा’ या एकाच बटणाला. तिथे पहिल्या टॅपला बटण बंद, शिवाय प्रत्येक ऑर्डरला डिव्हाइसनेच एक युनिक आयडी द्यायचा. सर्व्हरला तोच आयडी पुन्हा आला तर दुसरी बीओटी न काढता पहिलीचंच उत्तर द्यायचं. वायफाय गचके खातं तेव्हा टॅबलेट तीच ऑर्डर पुन्हा पाठवतो, दुहेरी बीओटी बहुधा तिथून येते. ती बोटाची चूक नसते.

लाँग-प्रेस कुठेही ठेवू नका. ओलं बोट दाबून धरलं की स्क्रीनला वाटतं ते उचलून परत टेकवलं. स्वाइप करून डिलीटचंही तेच. ऑर्डरच्या ओळीला ‘−’ आणि ‘+’ बटणं द्या, मोठी.

हिशेबनीस

वरच्या दोघांनी स्क्रीन नीट सांगितला. तरी स्टॉक जुळणार नाही, कारण तुमच्या यादीतला ‘१८०’ हा आयटम संदिग्ध आहे.

क्वार्टर दोन प्रकारे जातो. एक, सीलबंद १८० ची बाटली टेबलावर फोडून. दोन, ७५० च्या उघड्या खंब्यातून १८० मोजून. गिऱ्हाइकाला एकच वाटतं, भावही बहुधा वेगळा असतो आणि एक्साइजच्या रजिस्टरात तर साफ वेगळं जातं, कारण तिथे नोंद ब्रँड आणि बाटलीचं माप अशी दोन्ही धरून होते. तेव्हा डेटाबेसमध्ये दोन गोष्टी पक्क्या वेगळ्या करा: *विकायचं माप* आणि *ज्यातून गेलं ती बाटली*. पट्टीत ३०, ६०, ९० हे ‘सुट्टं’, मध्ये जाड रेघ, मग क्वार्टर, हाफ, खंबा हे ‘सील’. खंब्यातून १८० हवंच असेल तर ६० × ३ टाकायचं. ९० चंही तपासा: तुमच्याकडे सीलबंद नाइन्टी येते का? येत असेल तर ती रेघेच्या पलीकडे.

सुट्ट्यासाठी मूळ एकक मिली ठेवा, ‘पेग’ नको. ७५० मध्ये ३० चे २५ बसतात, पण कॉकटेल आलं की हे गणित मोडतं. लाँग आयलंड आइस्ड टीच्या आंतरराष्ट्रीय रेसिपीत व्होडका, टकीला, व्हाइट रम, जिन आणि संत्र्याची लिकर प्रत्येकी १५ मिली आहे. एका ग्लासाने पाच बाटल्यांतून अर्धा-अर्धा पेग वजा झाला पाहिजे. आणि गिऱ्हाइकाने ‘यात अमुक व्होडका घाला’ म्हटलं तर मॉडिफायरने (आयटमला जोडलेल्या बदलाच्या नोंदीने) रेसिपीतली व्होडकाची ओळ *बदलली* पाहिजे. बहुतेक पीओएसमध्ये मॉडिफायर म्हणजे नुसता मजकूर आणि वरचे पैसे. स्टॉक जुन्याच बाटलीतून जात राहतो, दोन्ही बाटल्या चुकतात.

उघड्या बाटल्यांची मोजणी डोळ्याने ‘पाऊण, अर्धी’ अशी करू नका. १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या. आपल्याकडची व्हिस्की, रम, ब्रँडी बहुतेक ४२.८ टक्क्यांची असते, तिची घनता साधारण ०.९४४. म्हणजे ७५० मिलीचे ७०८ ग्रॅम, ३० चा पेग जेमतेम २८ ग्रॅमचा. नवी सीलबंद बाटली ठेवा, ७०८ वजा करा, रिकाम्या बाटलीचं वजन बुचासकट मिळालं. ते ब्रँडच्या खात्यात एकदा भरून ठेवायचं. मग रोज रात्री: काट्यावर ८३० ग्रॅम, रिकामी ४९०, शिल्लक ३४०, भागिले ०.९४४ म्हणजे ३६० मिली, बरोबर बारा स्मॉल. बूच लावून तोलायचं की काढून, हे एकच काहीतरी ठरवा. ४० टक्क्यांच्या स्कॉचला ०.९४८ घ्या, फरक नगण्य आहे. लिकरला मात्र साखरेमुळे घनता १ च्या वर जाते, तिथे हेच सूत्र लावलं तर रोज खोटी शिल्लक दिसेल. त्यांना वेगळा आकडा द्या.

मोजणीचा स्क्रीन रॅकच्या क्रमानेच असावा आणि ‘असायला हवं’ तो आकडा आधी दाखवू नये. दिसला की माणूस तोच टाइप करतो.

लॅन_आणि_लेबल

हार्डवेअरचं बोलतो.

ओल्या हाताचा प्रश्न पूर्णपणे सॉफ्टवेअरने सुटत नाही. कपॅसिटिव्ह (मोबाइलसारख्या) स्क्रीनवर पाण्याचा थेंबही टच म्हणून लागतो. रेझिस्टिव्हला (दाबाने चालणाऱ्या) पाणी चालतं, ग्लोव्ह चालतात, पण वरची फिल्म झिजते आणि उजेड कमी पडतो. मधला मार्ग: समोरून आयपी६५ (धूळ आणि पाण्याचे फवारे सोसणारा) असलेला कपॅसिटिव्ह पॅनेल, सेटिंगमध्ये ‘वॉटर’ मोड असेल तर तो चालू, आणि स्टँड उभा, साधारण ६० ते ७० अंशांत, म्हणजे थेंब साचत नाही. जागा बर्फाच्या पेटीपासून आणि बेसिनपासून लांब. स्क्रीनच्या बाजूला खुंटीवर कोरडं फडकं टांगा, गंमत नाही.

बीओटींच्या रांगेसाठी टच वापरूच नका. साधा यूएसबी नंबरपॅड लावा: १ ते ९ म्हणजे रांगेतल्या पहिल्या नऊ बीओटी, आकडा दाबला की ‘झाली’, शून्य दाबला की शेवटची परत. वर पातळ प्लास्टिकचं कव्हर. दोन-तीनशे रुपयांचं पॅड, खराब झालं की बदलायचं.

रांगेत प्रत्येक बीओटीवर टेबल नंबर सगळ्यात मोठा, मग संख्या, माप, ब्रँड, आणि खाली आत सरकवून सोडा, पाणी, बर्फ. किंमत नको. वर एक अरुंद पट्टी ‘एकूण’ची द्या: रांगेतल्या सगळ्या बीओटी मिळून मोहितो ३ (टेबल ४, ७, ११). कॉकटेल एकत्र करता आली की वेळ वाचतो, पण रांगेचा क्रम मात्र वेळेप्रमाणेच ठेवा. रंग काळ्याच्या जवळचा करडा आणि त्यावर मळकट पांढरा. कुट्ट काळ्यावर शुभ्र पांढरं अंधारात फाकल्यासारखं दिसतं. कॉन्ट्रास्ट ४.५ : १ च्या खाली जाऊ देऊ नका.

कागदी बीओटी तरीही निघू द्या, ग्लासाच्या ट्रेमध्ये ती लागतेच. ८० मिमीच्या कागदावर छापायची रुंदी ७२ मिमी, २०३ डीपीआयला ५७६ डॉट. देवनागरी छापायची तर बहुतेक प्रिंटरचा स्वतःचा फाँट उपयोगाचा नाही, जोडाक्षरं आणि वेलांट्या तुटतात. मजकूर सॉफ्टवेअरमध्ये इमेज करून रास्टर (ठिपक्यांचं चित्र) म्हणून पाठवा, ५७६ रुंद, आणि उंचीचे छोटे पट्टे पाडून. एकदम लांब इमेज पाठवली की स्वस्त प्रिंटरचा बफर भरतो आणि मध्येच कचरा छापला जातो. आकडे मात्र बीओटीवर इंग्रजीच ठेवा. अंधारात, पुसट छपाईत १ आणि ९ सारखे दिसतात. टेबल १ चा पेग ९ वर गेला तर हसू होतं, १९ आणि ११ मध्ये गफलत झाली तर रोजचंच.

थर्मल कागदावर दारू सांडली की तो भाग काळा पडतो, अल्कोहोल कागदावरच्या रसायनाला विरघळवतं. त्यामुळे बीओटी खुंटीला लावायची, काउंटरवर पसरायची नाही. किचनमध्ये शेगडीजवळ थर्मल ठेवलाच असेल तर तिथला कागदही उष्णतेने काळवंडेल, तिकडे रिबनचा डॉट मॅट्रिक्स बरा.

आणि ‘पाठवली’ म्हणजे ‘छापली’ नव्हे. प्रिंटरच्या ९१०० या नेटवर्क पोर्टवर डेटा गेला की सॉफ्टवेअर खूश होतं, कागद संपलेला असतो. पाठवण्याआधी आणि नंतर प्रिंटरला स्टेटस विचारा, ईएससी-पीओएसमध्ये (प्रिंटरच्या कमांडच्या भाषेत) कागदाच्या सेन्सरसाठी वेगळी कमांड आहे. उत्तर आलं नाही तर काउंटरच्या स्क्रीनवर लाल पट्टी आणि बीओटी बिलिंगच्या प्रिंटरवर, वर ‘बार’ असं छापून. सर्व्हर दुकानातच ठेवा, इंटरनेट गेलं तरी बीओटी निघाली पाहिजे. यूपीएसवर फक्त पीसी लावतात आणि राउटर विसरतात. लाइट गेली की टॅबलेट चालू, पीसी चालू, मधला दुवाच मेलेला.

आडवी_ओळ

भरपूर मिळालं, आभारी आहे. सुट्टं आणि सील वेगळं करायचं डोक्यातच नव्हतं, उद्याच डेटाबेसचं टेबल बदलतो.

दोन शंका राहिल्या. ‘रिपीट’ आणि कॅन्सल. मालकाला कॅन्सलवर कडक कुलूप हवंय, बारमन म्हणतात कुलूप असेल तर आम्ही आयटम टाकणारच नाही. आणि एसी-गार्डनचे भाव वेगळे आहेत, टेबल बदललं की काय करायचं?

काउंटरची_बाजू

रिपीट: एकच बटण, टेबलावर. दाबलं की थेट बीओटी जाऊ नये. त्या टेबलाची *शेवटची फेरी* उघडावी, त्यात फक्त बारचे आयटम. चखणा येता कामा नये, नाहीतर दर फेरीला मसाला पापड छापला जाईल. प्रत्येक ओळीसमोर − आणि +, खाली ‘पाठवा’. चौघांतला एक ‘मला नको’ म्हणतोच, तेव्हा एक टॅप. सोडा आणि पाण्याच्या बाटल्या यादीत दिसू देत पण शून्यावर, कारण पहिल्या फेरीची पाण्याची बाटली बरेचदा अजून अर्धी असते. आणि ‘शेवटची फेरी’ म्हणजे शेवटची बीओटी नव्हे. मागाहून एकट्या सोड्याची बीओटी गेली असेल तर रिपीटला नुसता सोडाच उघडेल. ज्या शेवटच्या बीओटीत दारू आहे ती धरा.

कॅन्सल: रेष बीओटी छापण्यापाशी ओढा. छापण्याआधी काहीही, कितीही वेळा काढा, पिन नाही, कारण नाही, कुणी विचारणार नाही. बारमनची भीती तिथेच जाते. छापल्यानंतर कॅप्टन किंवा मॅनेजरचं कार्ड, चार-पाच ठरलेल्या कारणांपैकी एक (चुकीचा ब्रँड, सांडलं, बाटली फुटली, गिऱ्हाइकाने परत केलं) आणि बारवर ‘रद्द’ची वेगळी स्लिप. त्यात एक प्रश्न हवाच: *ओतलं होतं का?* ओतलं असेल तर बिलातून जाईल पण स्टॉकमधून वजाच राहील, वाया खात्यात. हा फरक न केल्याने रद्द झालेले सगळे पेग कागदोपत्री बाटलीत परत जातात.

बिल छापल्यानंतर आयटम काढायला मॅनेजरच हवा. दुसऱ्यांदा छापलं की वर ‘डुप्लिकेट’ आणि कितवी प्रत ते यावं. एकच बिल दोन टेबलांना दाखवून दुसऱ्याची रोकड खिशात घालणं, हा जुना खेळ आहे. यूपीआयचा क्यूआर बिलावरच, रकमेसह छापा आणि पैसे आल्याची खूण गेटवेकडून घ्या. गिऱ्हाइकाच्या फोनवरचा स्क्रीनशॉट बघून बिल बंद करू देऊ नका.

पिन चालत नाही, दोन दिवसांत सगळ्यांना सगळ्यांचे पिन पाठ होतात. प्रत्येकाला आरएफआयडी कार्ड किंवा चुंबकाने चिकटणारी डल्लास की (बटणासारखी धातूची चावी) द्या. टेकवलं की नाव आलं, बीओटी गेली की आपोआप लॉगआउट.

हिशेबनीस

भावाचं: किंमत बीओटीच्या क्षणी ठरते आणि त्या ओळीवर गोठते. गार्डनमध्ये घेतलेले दोन पेग गार्डनच्या भावाने, एसीत आल्यानंतरचे एसीच्या भावाने. टेबल शिफ्ट केल्यावर जुन्या ओळींचा भाव बदलू देऊ नका. हॅपी अवरलाही हाच नियम, बिल कधी छापलं याच्याशी संबंध नाही. रिपीटला मात्र नवा भाव लागला पाहिजे. जुनी ओळ जशीच्या तशी कॉपी केलीत तर हॅपी अवर रात्रभर चालू राहील.

टॅक्स तुमचा झालाय म्हणता, तरी एक बघून घ्या. दारू जीएसटीच्या बाहेर आहे, तिच्यावर राज्याचा व्हॅट, जेवणावर जीएसटी. दर कोडमध्ये लिहिलेला नसावा, ‘कधीपासून लागू’ अशा तारखेसह तक्त्यात असावा. नोव्हेंबर २०२३ मध्ये परमिट रूमचा व्हॅट ५ वरून १० टक्के झाला तेव्हा ज्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये दर एकाच चौकटीत होता, त्यांची जुनी बिलं पुन्हा छापताना नव्या दराने यायला लागली. मोफत दिलेला पेग शून्य रुपयांचा आयटम करू नका, पूर्ण भाव आणि पूर्ण सूट अशा दोन आकड्यांत ठेवा.

दिवस रात्री १२ ला बदलायचा नाही. शिफ्ट आणि स्टॉकसाठी दिवस पहाटे ४ किंवा ५ ला बदला. बिलावरची तारीख मात्र खरीच छापा.

ड्राय डेसाठी कॅलेंडर ठेवा पण फक्त २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर टाकून गप्प बसू नका. निवडणुकीत मतदान संपण्याच्या आधीचे ४८ तास बंदी असते, म्हणजे ती दिवसाच्या मधूनच सुरू होते. तेव्हा तारीख नको, ‘पासून–पर्यंत’ वेळ टाकता आली पाहिजे, आणि ती मालकाला फोनवरून लावता आली पाहिजे, कारण स्थानिक आदेश ऐनवेळी येतात. त्या वेळात बारच्या टाइल बंद, केओटी चालू.

मोरपंखी_कोड

एक राहिलं. वयाची विचारणा. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१, बाकी दारूला २५. काही जण दर ऑर्डरला ‘वय तपासलं?’ असा पॉपअप टाकतात. तिसऱ्या ऑर्डरपासून तो न वाचता ‘हो’ होतो आणि दर बीओटीला एक टॅप वाढतो. टेबल उघडताना एकदाच विचारा, ‘२१ खाली / २१ ते २४ / २५ वर’ अशी तीन बटणं, टेबलातल्या सगळ्यात लहान दिसणाऱ्याला धरून. मधलं दाबलं तर त्या टेबलापुरत्या फक्त बिअर-वाइनच्या टाइल उघड्या, पहिलं दाबलं तर बार पूर्ण बंद. त्याच टेबलावर २५ च्या वरचं कुणी असेल तर मॅनेजरने कार्ड टेकवून बाकीच्या टाइल उघडायच्या. हेच सॉफ्टवेअर गोव्यात विकणार असाल तर तिथे वय १८ आहे, म्हणून हे आकडेही तक्त्यातच ठेवा.

लॅन_आणि_लेबल

डल्लास की घेणार असाल तर रीडर स्क्रीनच्या उजवीकडे लावा, डावीकडे ड्रॉवर असतो. आणि आरएफआयडी रीडर ‘कीबोर्ड’सारखा टाइप करणारा घेतलात तर कार्डाचा नंबर ज्या चौकटीत कर्सर असेल तिथे उमटतो. संख्येच्या चौकटीत असताना कार्ड टेकवलं की दहा आकडी बिअरची ऑर्डर तयार होते. एक तर सीरियल मोडचा रीडर घ्या, नाहीतर काउंटरच्या स्क्रीनवर टाइप करायची चौकटच ठेवू नका.